निमकरबाईंचा तिसरा नारळ

पहिल्याच भेटीत निमकरबाईंनी मला प्रेत केलं.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत आम्ही तेव्हा नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्टमध्ये एक सत्तरीच्या, काटक बाई भेटल्या. जाड चष्म्यातून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती तुमचं?"

"ब्याऐंशी," मी गडबडून म्हणालो.

"उत्तम! माझा किल्लेदार तेवढाच आहे. रविवारी अर्धा तास द्याल? तुम्हाला जिन्यावरून खाली न्यायला दोन माणसं पुरतात का, एवढंच बघायचंय."

रविवारी वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांनी मला दुसऱ्या मजल्यावरून उचललं. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींची कंबर धरली. बाईंनी वहीत नोंद केली आणि कादंबरीत एक खुनी वाढला.

सिंधू निमकर ऐतिहासिक रहस्यकथा लिहितात. आतापर्यंत बारा झाल्यात. त्यांची गुप्तहेर म्हणजे पेशवाईतली गंगू सुईण. "सुईणीला कुठल्याही घरात, कुठल्याही वेळी आत घेतात, आणि तिच्यासमोर बायका सगळं बोलतात. तुमच्या पोलिसांना हे सुख आहे का?" असं त्या विचारतात. जन्म गिरगावातला, नोकरी शाळेत इतिहास शिकवण्याची. निवृत्त झाल्यावर इकडे आल्या आणि एकट्याच राहतात.

पण कादंबऱ्यांपेक्षा त्यांचा दरारा आहे तो समीक्षक म्हणून. एका त्रैमासिकात त्या पुस्तकांवर लिहितात. 'पृष्ठ बारावर मराठा सरदार टोमॅटोचं सार पितो. पुढे वाचण्याची गरज उरली नाही,' एवढंच एकदा एका सहाशे पानी कादंबरीबद्दल छापून आलं होतं. ही सवय घरीदारीही सुटत नाही. पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीवर त्या लाल पेनने शुद्धलेखन तपासतात. माझ्या बायकोने मोदक दिले, तर डबा परत करताना म्हणाल्या, "सारण प्रामाणिक आहे. कळ्या घाईत पाडल्यात." बायको दोन दिवस बोलली नाही. माझ्याशी.

आणि सगळ्याला पुरावा हवा. भाजीवाल्याला विचारतील, "भैया, पालक आज का है, इसका सबूत?" तो बिचारा आता त्या दिसल्या की जुडी आधीच उलटी करून मुळं दाखवतो.

गेल्या वर्षी त्यांची तेरावी कादंबरी अडली. घोडबंदरच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खाडीत टाकलेलं प्रेत समुद्रात जाईल की नाही, हे ठरेना. "सावंत, प्रयोग करू," म्हणाल्या. आम्ही तीन नारळ घेऊन वरसाव्याला खाडीकाठी गेलो. ओहोटी लागलेली होती. पहिला नारळ मी जोर लावून लांब फेकला, तो समुद्राकडे गेला. दुसराही गेला. एक गृहस्थ स्कूटर थांबवून, चपला काढून आमच्यामागे हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, आमचं काही धार्मिक चाललंय.

तिसरा नारळ बाईंच्याच हातून सटकला आणि काठाशीच पडला. बघतो तर तो उलटा निघाला. समुद्राकडे नाही, खाडीत वर. काठाकाठाने, डुलत डुलत.

तिथे जाळं धुणारा एक म्हातारा हसला. "त्यात काय? वळणावर कडंचा पाणी उलटाच फिरतो. मदला जातो भायेर."

बाईंना पुरावा मिळाला होता, पण त्यांचा चेहरा पडला. वहीत काही लिहिलं नाही. "घरी चला," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "चौकला जायचंय. सोबत याल?" चौक म्हणजे उत्तनपलीकडचं मच्छीमारांचं गाव. मला वाटलं, आता खरंखुरं प्रेत सोडणार. बसमध्ये त्यांनी पिशवीतून एक जीर्ण कात्रण काढून माझ्या हातात ठेवलं. सोळा वर्षांपूर्वीचं, त्यांचंच परीक्षण. बस्त्याव नावाच्या कुणा नवख्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीवर. शेवटची ओळ होती: 'ओहोटीत नायकाची होडी न वल्हवता खाडीत वर जाते! लेखकाने समुद्र पाहिला नसावा.'

"कोण होता हा लेखक?" मी विचारलं.

"परवाच प्रकाशकाला फोन करून विचारलं. कोळी आहे."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हसू दाबायचं होतं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू आपोआपच गेलं.

बस्त्याव घराच्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. साठीचे, रुंद खांद्यांचे. बाईंनी नाव सांगितलं तशी त्यांची सुई थांबली.

"मी चूक कबूल करायला आले," बाई उभ्यानेच म्हणाल्या. "पाणी उलटं फिरतं. मी पाहिलं. तुमचं बरोबर होतं."

"माजा बरोबर हाय ता मना म्हाईत हाय, बाय," बस्त्याव शांतपणे म्हणाले. "तुमचा वाचला तवा पयला हसलो. अख्खा गाव हसला. मंग न्हाय हसलो."

"नंतर काही लिहिलंत?"

"न्हाय."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "मी अर्धंच बोलले. त्या वर्षी माझी पहिली कादंबरी प्रकाशकाने परत पाठवली होती आणि तुमची छापून आली होती. ती चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती. ते मला पहिल्या दहा पानांत कळलं, म्हणून मी चूक शोधत बसले. सापडली तेव्हा आनंद झाला मला. हे सांगायला आले होते."

चहा घेऊन आलेली बस्त्यावची बायको दारातच थांबली होती. ती एकदम म्हणाली, "खोटा बोलतो. लिवतो तो. पेटीत हाय सगळा."

"तू गप बस गो," बस्त्याव म्हणाले.

ती गप्प बसली नाही. आत जाऊन सात वह्या घेऊन आली आणि बाईंना ओट्यावर बसवून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. बस्त्याव उठले, वह्या परत घेतील असं वाटलं. पण त्यांनी पहिली तेवढी बाईंकडे ठेवली आणि बाकीच्या घेऊन ते मासळीचा एक क्रेट पालथा घालून बाईंसमोर बसले.

बाई वाचायला लागल्या. समोर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, मांजरं फिरत होती. मी दोनदा किनाऱ्यावर जाऊन आलो. बाईंच्या पर्समधलं लाल पेन बाहेर आलं नाही. एकदा त्या मोठ्याने हसल्या, तेव्हा बस्त्याव मान वाकडी करून कुठलं पान आहे ते बघायला लागले. चौथी वही संपली, तरी अजून एखादं पान असेल म्हणून त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"कसा हाय?" बस्त्यावनी शेवटी विचारलं.

"पाचवी द्या."

त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात बाईंनी चूक कबूल करणाऱ्या चार ओळी छापल्या, स्वतःच्या नावानिशी. संपादक नको म्हणत होते. आता दर रविवारी त्या चौकला जातात. वह्या त्याच टाइप करतात आणि काना-मात्रेवरून दोघांची कडाक्याची भांडणं होतात. बस्त्यावची बायको दोघांनाही ओट्यावरून उठवून जेवायला बसवते. पुस्तक दिवाळीआधी निघेल म्हणे.

पण माझ्या लक्षात राहिला तो त्या पहिल्या दिवशीचा परतीचा प्रवास. बसायला जागा असूनही बाई बराच वेळ दांडी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या हाताने, बस्त्यावनी निघताना हातात दिलेल्या उरलेल्या तीन वह्या छातीशी धरलेल्या. शेवटी माझ्या शेजारी बसल्या.

"सावंत, मला आठवड्याला चार-पाच पुस्तकं येतात. पोस्टाने. घाबरत घाबरत पाठवलेली, आत 'आदरपूर्वक' लिहिलेलं." त्यांनी वरच्या वहीचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. "हातात कुणी काही देत नाही हो."

मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी पाचवी वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.