दोन साक्षीदारांचे शब्द

‘रिलक्टंट’, म्हणजे नाखूश, हा इंग्रजी शब्द माझ्या मुलीच्या नावावर आहे. नोंद क्रमांक बेचाळीस, रीतसर दोन साक्षीदारांसह. त्यातली एक साक्षीदार मी. मी ताटात कारलं वाढलं, तेजल म्हणाली, “आई, मी कारलं खायला फार रिलक्टंट आहे,” आणि लगेच वही पुढे केली. पिठाच्या हाताने मी सही दिली. न देऊन सांगते कुणाला? भिंतीपलीकडे नाना राहतात.

नाना शिरपूरला दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. आयुष्यभर त्यांनी खरेदीखतं, बक्षीसपत्रं आणि मृत्युपत्रं पाहिली. निवृत्त होऊन पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा त्यांना दिसलं की कॉलनीतली दहावी-बारावीची पोरं परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतात आणि सकाळपर्यंत साफ विसरतात. नानांना इंग्रजीचा नाद जुना. त्यांनी फुकट शिकवणी सुरू केली, पण शिकवणीची रीत मात्र कचेरीची.

“पाठ केलास? म्हणजे नुसता इसार दिलास. ताबा कुठे?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इसार म्हणजे सौद्यातली आगाऊ रक्कम, आणि ताबा म्हणजे शब्द खऱ्या प्रसंगात, जिवंत माणसाशी, साक्षीदारासमक्ष वापरायचा. मगच मोठ्या रजिस्टरात त्याची नोंद. एकदा नोंद झाली की महिनाभर तो शब्द दुसऱ्या कुणाला मिळत नाही. यावरून पोरांत भांडणं होतात आणि नाना हरकती ऐकून घ्यायला बसतात.

खोटा व्यवहार त्यांना अजिबात खपत नाही. तेजलला ‘एक्स्क्विझिट’, म्हणजे अतिसुंदर, हा शब्द मिळाला तेव्हा तो भाजीवाल्या मावशीच्या कोथिंबिरीला वापरायचं तिने ठरवलं. पण कोथिंबीर रोज सुकलेली. चार दिवस पोरगी नुसती टोपलीत डोकावून परत येत होती. पाचव्या दिवशी हिरवीगार जुडी दिसताच ती ओरडली, “मावशी, तुमची कोथिंबीर एक्स्क्विझिट आहे!” मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हाई पोर माले शिवी दी ऱ्हायनी का?” अर्थ कळल्यावर मात्र त्यांनी दोनदा सही केली. एक चुकली तर दुसरी असावी म्हणून.

आमच्या यजमानांच्या वाट्याला ‘प्रोक्रास्टिनेट’, म्हणजे चालढकल करणे, हा शब्द आला. मोरीतला नळ तीन आठवडे गळत होता. लेकीने शब्द वापरला, अर्थ समजावला आणि साक्षीदार म्हणून त्यांचीच सही घेतली. दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर. मी हा शब्द लग्नातच शिकून घ्यायला हवा होता.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण दुसरा साक्षीदार मला खुपत होता. पहिला साक्षीदार कुणीही चालायचा. दुसरी साक्ष मात्र नेहमी अक्कांची, म्हणजे नानांच्या बायकोची.

अक्कांना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्याआधी ही बाई सकाळी सहाला जी बोलायला लागायची ती रात्रीपर्यंत. कुणाच्या घरी कोण पाहुणा आला, उडदाचे पापड का चिरले, सगळं मला भिंतीवरून फुकटात कळायचं. आता पुढच्या खोलीत त्यांची खाट असे आणि त्या छताकडे बघत असत. त्या पुन्हा बोलतील का, हे आम्ही बायका रोज एकमेकींना विचारत होतो. नानांना विचारायची हिंमत कुणाला नव्हती.

आणि नाना काय करत? पोरांना एकेक करून खाटेजवळ उभं करत. “अक्कासमक्ष सांग. काय झालं, कुठे झालं, कोण काय म्हणालं. गाळायचं काही नाही.” पोरगं सगळी हकीकत सांगे आणि मग नाना अक्कांचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून रजिस्टरात उठवत. त्या अंगठ्याचा निळा रंग कधी जातच नसे.

एका संध्याकाळी माझा संयम सुटला. सहा पोरं खाटेभोवती कालवा करत होती आणि अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. मी पोरांना घरी पिटाळलं आणि नानांना म्हटलं, “नाना, आजारी माणूस आहे ते. कचेरीचा शिपाई नाही. शब्द गेले खड्ड्यात, त्यांना निजू द्या की!”

मला वाटलं, चिडतील. नानांनी रजिस्टर मिटलं. बराच वेळ पॅडचं झाकण लावत बसले.

“ताई, डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोला. जितकं बोलाल तितकी वाचा परत यायची आशा. मी खुर्ची घेऊन बसलो तिच्याजवळ. एक तास बसलो. काय बोलू? चाळीस वर्षं ही बोलत आली आणि मी पेपरातून ‘हूं’ म्हणत आलो. डिक्शनरी पाठ आहे मला, पण हिच्याशी बोलायला एक वाक्य सापडेना. म्हणून पोरं गोळा करतो. ती गोष्टी सांगतात. हिला गोष्टी आवडायच्या.”

भांडायला गेलेली मी, मला माझीच लाज वाटली.

“सकाळी बाजारात जाता ना?” मी विचारलं. “तेच सांगा. आणि त्यांच्या बोलीत सांगा, भाजीवाल्या मावशी बोलतात तशा, साहेबी मराठीत नको.”

“बाजारात काय सांगण्यासारखं असतं?”

“त्या पोरांच्या नोंदींत तरी दुसरं काय असतं, नाना?”

त्यानंतर चार-पाच दिवस काही ऐकू आलं नाही. मग एका सकाळी मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते, तेव्हा पलीकडून नानांनी घसा साफ केला. दस्त वाचून दाखवावा तशा आवाजात ते म्हणाले, “आज बजारमा गयथू.”

मी ओली चादर हातात धरून उभी.

“भरीतना वांगा उनात,” नाना म्हणाले. “वांगा… चांगला शेतस.”

बोला हो नाना, पुढे बोला, मी मनात म्हणत होते. पोरांना गाळू देत नाही आणि स्वतः ‘वांगी आली, चांगली आहेत’ एवढ्या दोन वाक्यांत आटपता?

“तुनी ती भाजीवाली भेटनी. तुले इचारत व्हती.”

आणि खाटेवरून आवाज आला. जड, वाकडा, घशातच अडकलेला, पण अगदी जिथे यायला हवा तिथेच.

“हूं.”

चादर माझ्या हातातून मातीत पडली. मी कान देऊन ऐकत राहिले. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि अडखळत, घाईघाईने, नाना वांग्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.