जड काठी आणि पन्नास ग्रॅम

तराजूआबांनी सलूनच्या बाकावर बूड टेकलं आणि टेकता टेकताच जाहीर करून टाकलं, "आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! माझाही बसला नसता, पण काय करता, मी तिथे होतो. यातलं एक अक्षर खोटं निघालं, तर याच खुर्चीत बसून ही मिशी उतरवीन!"

मिशी साधीसुधी नव्हती. आबांनी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. त्या काळात दुकानदार आधी मिशी ओळखत आणि मग मापं लपवत. निवृत्तीनंतर तराजू सरकारजमा झाला, पण नाव मागे राहिलं आणि मिशीही.

सलूनवाल्याने वस्तऱ्याला नवं पातं लावलं आणि मान डोलावली. खुर्चीत एक गिऱ्हाईक पडलं होतं. गळ्यापर्यंत पांढरं कापड, गालांवर फेस, आणि डोळ्यांपासून टाळूपर्यंत गरम टॉवेल. आल्यापासून ते फक्त "कपाळाला धक्का लावू नका" एवढंच बोललं होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पोस्टमन नंबर लावून बसला होता.

"म्हणजे व्याह्यांना हरवलंत?" पोस्टमनने विचारलं. पैजेचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

पैज होती नातीवरून. नात आठ वर्षांची, सुट्टी एक महिन्याची, आणि आजोबा दोन! लेकीने हात वर केले होते. "तुमचं तुम्ही ठरवा बाई, मला मध्ये ओढू नका." आबांनी आधीच गच्चीत झोपाळा टांगला होता, त्याच्या कड्यांना तेल घातलं होतं, आणि रोज संध्याकाळी स्वतः बसून तो पडत नाही ना, याची खात्री करून घेत होते. तिकडे व्याहीही काही कमी नव्हते. ते दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं, त्यामुळे स्वतःचं फारसं उघडत नसत. दर रविवारी गोल्फ खेळत. आबा एकदा त्यांना म्हणाले होते, "चेंडू जागेवर उभा, पळत नाही, चावत नाही. त्याला मारायला अक्कल ती काय लागते?"

व्याही शांतपणे म्हणाले होते, "मग तीन खळगे खेळू. जो जिंकेल, नात त्याच्याकडे." आणि वर स्वतःच्या जुन्या काठ्यांची पिशवी भेट देऊन मोकळे झाले.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. काठी जड! फिरवायला गेलं की काठी पुढे आणि आबा मागे. हट्टी कुत्रं मालकाला फिरायला नेतं, तसं. पहिल्याच दिवशी आबा अंगणात काठी फिरवायला गेले आणि थांबले ते शेजारच्यांच्या दारात. शेजारीण म्हणाली, "या ना, चहा घेता?"

"डाव आहे!" आबांनी घरी येऊन बायकोला, म्हणजे काकूंना सांगितलं. "मुद्दाम जड काठ्या गळ्यात मारल्या. पण गाठ कुणाशी आहे?"

त्यांनी काटा काढला. पितळी वजनं काढली. ही वजनं म्हणजे आबांचं देवघर. निरोपसमारंभात मिळालेली, सरकारी मोहोर असलेली, प्रत्येकावर उठावाच्या अक्षरांत आपापलं माप. काठी भरली चारशे बारा ग्रॅम. मग व्याह्यांकडे सहज म्हणून गेले, चहा होईपर्यंत त्यांची नवी काठी खिशातल्या काट्यावर तोलली. चारशे दहा!

"दोन ग्रॅमचा फरक?" सलूनवाला म्हणाला. "तेवढा तर माझ्या ब्रशवर फेस असतो."

"तेच तर! कायद्याने दोन्ही सारख्याच. पण हात म्हणतो जड. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या हातावर संशय आला."

म्हणून मग आबा मैदानावरच्या काठ्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने काठी बोटावर आडवी तोलली आणि म्हणाला, "वजन ठीक आहे काका. तोल डोक्याकडे गेलाय. मुठीच्या टोकात पन्नास ग्रॅम घाला, काठी हलकी वाटेल."

आबांनी त्याच्याकडे तीक्ष्ण नजरेने पाहिलं. "वजन वाढवल्यावर हलकी?"

"वाटेल."

"असं म्हणणाऱ्या एका तेलवाल्याचं दुकान मी सील केलं होतं," आबा म्हणाले आणि काठी घेऊन निघून आले. जड वस्तू हलकी करायची तर वजन काढायचं असतं. एवढं तर गाढवाच्या मालकालाही कळतं, आणि गाढवाला तर त्याच्याही आधी.

आबांनी काठीच्या लोखंडी डोक्याला ओळीने सात भोकं पाडली. वजन चौदा ग्रॅमने घटलं. खूश होऊन त्यांनी अंगणात एक सणसणीत फेरा मारला, आणि काठीने शिट्टी घातली!

"शिट्टी?" पोस्टमन.

"अशी तशी नाही. कोपऱ्यावरच्या चौकात चारी बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या! मी सराव करतोय आणि तिकडे चौक तुंबतोय. तिसऱ्या दिवशी वाहतुकीचा पोलीस आला. मला वाटलं, दंड करतो आता. तर तो टोपी काढून म्हणतो, 'आबा, बारा वर्षं शिट्टी फुंकतोय, एक सायकल थांबत नाही. ही कुठे मिळते?'"

सलूनवाल्याचा हात हवेत थांबला. "आबा, मिशी सांभाळून हं."

"पोलिसाला विचार जाऊन!" आबांनी मिशीवरून हात फिरवला. टॉवेलखालचं गिऱ्हाईक खोकलं की हसलं, ते फेसामुळे कळलं नाही.

भोकं मेणाने बुजवली तेव्हा कुठे चौक वाहता झाला. आता दांडा बदलायचा. घरात सगळ्यात हलकी नळी कोणती? बैठकीच्या खोलीतली, पडद्याची.

काकू बाजारातून आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "पडदे कुठे गेले?"

"घडी करून ठेवलेत."

"आणि खिडकी?"

"खिडकी आहे की जागेवर."

"ती रस्त्यावरच्यांनाही दिसतेय! तो इस्त्रीवाला आत्ता मला बाहेरूनच म्हणाला, काकू, तुमचं घड्याळ मागे आहे!"

नव्या दांड्याने काठी भरली दोनशे नव्वद ग्रॅम. जवळजवळ सव्वाशे ग्रॅमची कपात! आबांनी मिशीला पीळ दिला, काठी उचलली, फिरवली, आणि ती पूर्वीपेक्षाही जड लागली! नळी अर्ध्यात वाकली, डोकं फिरून मागून आलं आणि आबांच्या पाठीत बसलं. स्वतःच्याच पाठीत स्वतः धपाटा घालणारा माणूस काकूंनी त्या दिवशी प्रथम पाहिला.

त्यांनी जाळी काढायचा लांब झाडू आणला आणि आबांच्या हातात दिला. "शेवटाला धरा. जड?"

"जड."

"आता तुमच्या मुठीमागे, दांड्याच्या टोकाला हे बांधते." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बांधला. "आता?"

आबांनी झाडू वरखाली केला. पुन्हा केला. तेलवाल्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर तरळून गेला.

"काही फरक नाही," ते म्हणाले.

पण दुपारी काकूंचा डोळा लागताच त्यांनी जुना दांडा परत बसवला, मुठीचं टोक कापून उघडलं, आणि देवघरातलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन अलगद आत सरकवलं. काठी उचलली मात्र, पिसासारखी! आबांचे डोळे भरून आले. आनंदाने की चौतीस वर्षांच्या हिशेबाने, ते त्यांनी बाकावर सांगितलं नाही.

"पण ते आत घट्ट कसं बसवलंत?" सलूनवाल्याने विचारलं. "स्क्रू मारला?"

आबा ताठ झाले. "सरकारी मोहोर असलेल्या वजनाला भोक? गुन्हा आहे तो! खिळा नाही, गोंद नाही, ओरखडासुद्धा नाही. वर दोन चिंध्या कोंबल्या. कायद्यात बसतं."

"आणि मुठीत बसलं?"

"तिकडेच येतोय!"

सामन्याच्या दिवशी पहिला खळगा व्याह्यांनी घेतला. दुसरा आबांनी घेतला. आबांच्या म्हणण्याप्रमाणे खेळाच्या जोरावर घेतला, पण त्या वेळी व्याह्यांना शिंका येत होत्या, हेही खरं. तिसऱ्यावर बरोबरी फुटणार होती. व्याही पुढे जाऊन खळग्यातलं निशाण धरून उभे राहिले. लेक आणि नात झाडाखाली बाकावर. नात ओरडली, "मारा आजोबा!" आता दोन आजोबांपैकी नेमका कुठला, हे तिने सांगितलं नव्हतं, पण आबांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

"मी श्वास घेतला," आबा म्हणाले. सलूनमधला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. "काठी फिरवली. चेंडू निघाला तो थेट निशाणाकडे. गेला, गेला, आणि खळग्याच्या काठावर येऊन थांबला. दोन बोटं अलीकडे! माझी काठी तोवर खांद्यावरून मागे गेलेली, मुठीचं टोक समोर. चिंध्या सुटल्या, आणि वजन बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर!"

"अरे बाप रे!" पोस्टमन उठूनच उभा राहिला. "मग?"

"मग काय! वजन शंभर पावलं उडालं, जमिनीवर एकच टप्पा घेतला, आणि चेंडूच्या ढुंगणावर अलगद, अगदी अलगद टिचकी मारली. चेंडू खळग्यात! मागोमाग वजनही खळग्यात! व्याही धावत आले, मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी. म्हणाले, 'व्याहीबुवा, नात तुमचीच. असा खेळ मी बापजन्मात पाहिला नाही!'"

पोस्टमन पुन्हा बाकावर बसला.

"म्हणजे नात सध्या तुमच्याकडे?" सलूनवाल्याने विचारलं.

"तर!"

"दोन दिवसांत दिसली नाही ती."

"झोपलीय."

"सकाळी अकरा वाजता?"

"वाढतं वय आहे," आबा म्हणाले, आणि जमिनीवरच्या केसांकडे बघू लागले. "झोपाळ्यावर खेळून दमते बिचारी."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने कापडाखालून हात बाहेर काढला आणि डोळ्यांवरचा टॉवेल उचलला.

"शिट्टीचं खरं आहे," ते गिऱ्हाईक म्हणालं. "त्या चौकात मी स्वतः पाऊण तास अडकलो होतो. पडद्यांचंही खरं आहे. तुमचं घड्याळ अजून मागेच आहे, आत्ताच बघून आलो."

आबांनी मान वर केली. समोरच्या आरशात व्याही होते. आणि व्याह्यांच्या कपाळाच्या मधोमध लिंबाएवढं टेंगूळ होतं. त्यावर पितळी अक्षरांचा ठसा इतका सुबक उमटला होता, की पाहणाऱ्याला उलटा दिसला असता, पण आरशात मात्र मोहोरेसकट स्वच्छ वाचता येत होता.

"पन्नास ग्रॅम," पोस्टमनने मोठ्याने वाचलं. पत्ते वाचायची सवय.

"टप्पा वगैरे काही घेतला नाही त्याने," व्याही म्हणाले. "थेट आलं. चेंडू मात्र अजून सापडलेला नाही. आणि नात माझ्याकडे आहे, सकाळ-संध्याकाळ इथे बर्फ धरते. तिच्या चपला तुमच्याकडे राहिल्यात, त्या न्यायला आलोय. म्हटलं, आधी दाढी करून घ्यावी."

त्यांनी गालावरचा उरलासुरला फेस पुसला, कापड झटकलं, खुर्चीतून उतरले आणि ती आबांकडे वळवली.

"माझं झालंय, व्याहीबुवा. या, बसा."