पावडरवाला जावई

राहनाळमध्ये पोलादातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं प्रितेशचं ठाम मत होतं. खरंच होतं ते. दुसरं कुणी त्या वाटेला जातच नव्हतं! गोदामामागच्या शेडमध्ये ग्राइंडर लावून तो सुऱ्या बनवायचा. २००७ साली त्यानं परदेशातून पावडरच्या, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून केलेल्या, स्टीलची वीतभर पट्टी मागवली. एक सुरी तिची केली, दुसरी नेहमीच्या, वितळवून ओतलेल्या स्टीलची. मग मित्राला, मनोजला, फोन. ग्राइंडर चालू, म्हणून बोंबलून!

"वितळवलेला माल साधा रे! पावडर ती पावडर! दाणा एकदम बारीक! एकदा घेतली की सहा महिने उतरत नाय!"

धार. धार उतरत नाय. तेवढा एक शब्द राहिला.

आणि दारात जानकीबाई उभी! लेकीच्या प्रितेशशी साखरपुड्याची तारीख ठरवायला शेलारहून आलेली, सोबत भाऊ दौलत.

"गर्दुल्ला!" जानकीबाई किंचाळली. "दौलत, आपली करिष्मा याला द्यायची न्हाय!"

"मावशी, पावडर म्हणजे लोखंडाची!"

"लोखंडाची पन घेतोस?" दौलत हादरला.

पटवून द्यायला प्रितेशनं दोन्ही सुऱ्या पुढं केल्या. पहिली चाचणी: गोदामातला काथ्याचा दोर. साधी सुरी तिसाव्या कापाला बोथट. पावडरची शंभरीनंतरही करकरीत! प्रितेशची छाती फुगली.

दुसरी चाचणी: जानकीबाईनं चहाचा कप उपडा केला आणि बुडावर सुऱ्या घासल्या. साधीला सहादा घासताच धार. पावडरवालीनं कपाचंच बूड झिजलं, सुरी तशीच.

तिसरी चाचणी सुरीची नव्हतीच. लाल डोळ्यांचा एक माणूस आत डोकावला. "भाई, अभी आवाज सुना... पावडर है क्या?"

दौलतनं बाह्या सरसावल्या. प्रितेशचा चेहरा मात्र उजळला. जन्मातलं पहिलं जाणकार गिऱ्हाईक!

"आओ, आओ! एकदम असली! हाथ लगाके देखो!" म्हणत त्यानं सुरी थेट त्याच्या नाकासमोर धरली.

माणूस जो पळाला, तो मानकोली नाक्यापर्यंत थांबला नसावा. मागे एक चप्पल राहिली.

"अरे, भाव तरी ऐक!" प्रितेश हिरमुसला.

जानकीबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दौलत, साखरपुडा रविवारी. एवढं येडं पोर नशा काय करील!"

जाताना तिनं एक सुरी पदराखाली घेतली. साधी. "हिला कपावर धार लागते. आन जावय, लग्नाआधी ती पावडर सोड."

"सोडतो, मावशी."

दौलत उंबऱ्यावर थबकला.

"म्हंजे घेत व्हता!"