एरुएराला बसवायचं कोणी?

एरुएरा पाहुण्यांच्या स्वागताला बोलायला उभा राहिला, तेव्हा सभाघरामागच्या, जमिनीतल्या गरम वाफेवर चालणाऱ्या पेटीत मांस आणि रताळी नुकतीच ठेवली होती. आता ती शिजून तयार होती, आणि पूर्वजांची होडी अजून एरुएराच्या भाषणात भरसमुद्रातच होती.

आमच्यात भाषण झालं की वक्त्याची माणसं त्याच्यामागे उभी राहून गाणं म्हणतात. मगच तो बसतो. कोणी फारच लांबण लावली, तर बायका मध्येच गाणं सुरू करून त्याला गप्प करतात. एरुएराला लग्न झाल्यापासून त्याची बायको माकारेता गप्प करत आली होती. त्यामुळे भाषण सुरू करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण ते संपवतात कसं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. माकारेता गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्यावाचून त्याचं हे पहिलंच भाषण.

स्वयंपाकघराच्या दारात बायकांची कुजबुज चालली होती.

"पिरिहिरा, कर ना गं सुरू! रताळ्यांचा लगदा झाला."

"मी? ताईच्या जागी?" माकारेताची धाकटी बहीण मागे सरकली. "भावोजींना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे. पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडतायत!"

होडी एकदाची किनाऱ्याला लागली. मग डोंगर झाले, गरम पाण्याची कुंडं झाली, उकळता चिखलही झाला. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एरुएराने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तो घाईघाईने पुढे वळला आणि पाहुण्यांच्या बसचं कौतुक करू लागला.

"रंग छान आहे. आणि टायर... टायरही..." त्याने पुन्हा एकदा मागे पाहिलं.

पाहुणे आपापल्या पायांकडे बघू लागले. पिरिहिराला ते बघवेना. हातातलं फडकं फेकून ती तरातरा गेली, त्याच्यामागे उभी राहिली आणि भलत्याच वरच्या पट्टीत गाऊ लागली. मग बाकीच्या धावल्या.

गाणं संपताच एरुएरा लालबुंद होऊन वळला. "माझं संपलं कुठे होतं?"

"टायरांच्या पुढे काय उरलं होतं, भावोजी?"

पाहुणे हसले. एरुएरा पाय आपटत जाऊन बसला. जेवताना पिरिहिराने लगदा वाढला, तोही त्याने निमूटपणे खाल्ला. ती पुढे निघाली, तेव्हा त्याने हळूच तिची बाही धरली.

"पुढच्या वेळी लवकर ये गं," तो म्हणाला. "मला वाटलं, आता मला गप्प करणारं कोणी उरलंच नाही."