पुढच्या बॉलला एक म्हैस

मंगळवारी संध्याकाळी देवाजवळ दिवा लावत होते, तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर चांगोनाना. एका हातात टीव्हीचा रिमोट, दुसऱ्या हातात पाय बांधलेला जिवंत कोंबडा.

"अभिनंदन, टीचरबाई! तुमच्या पोरीनं विकेट काढली. जाहीर केल्याप्रमाणे एक कोंबडा. स्वीकार करावा."

इरा, अर्णव, 'माझी पोरगी' म्हणजे तुमची आई नव्हे. तिने आयुष्यात चेंडू हातात धरलेला नाही. माझी पोरगी म्हणजे आपल्या महिला संघातली डावखुरी फिरकी बोलर. ती सध्या सातासमुद्रापार विश्वचषक खेळते आहे आणि मी इथे अंबरनाथला तिच्या वतीने कोंबडे स्वीकारते आहे. हे कसं झालं ते नीट क्रमाने सांगते, म्हणजे व्हिडिओ कॉलवर मागून आरवण्याचा आवाज आला तर घाबरणार नाही.

चांगोनाना आमच्या तळमजल्यावर राहतात. आमची इमारत उभी आहे ती त्यांची भातशेती होती. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या फ्लॅटमध्ये ते आता एकटे असतात. बायको गेली. दोन्ही मुलं बदलापूरला नव्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर. "एकदा गेलू होतो," नाना सांगतात. "कावळंसुद्धा खाली दिसतात ओ. मानसानं कावळ्याच्या वर कशाला राहवा?"

तरुणपणी नाना आपल्या पट्ट्यातल्या गावोगावच्या क्रिकेट सामन्यांचे माईकवाले होते. तुम्ही ते सामने पाहिलेले नाहीत. कापणी झालेल्या शेतात खेळपट्टी, टेनिसचा चेंडू, एका बाजूला मंडप आणि मंडपात माईक. सामना चालू असताना कोणीतरी शेठ माईकवाल्याच्या कानात सांगतो आणि लगेच पुकारा होतो, "लक्ष असू द्या, लक्ष असू द्या! पुढच्या षटकाराला अमुक शेठ यांच्यातर्फे एक कोंबडा!" कधी नारळ, कधी भाताचं पोतं, अंतिम सामन्याला बकरा. पुकारा चेंडू पडण्याआधी व्हायला हवा. एकदा झाला की तो मोडत नाही. नानांचं आवडतं वाक्य आहे, "जाहीर म्हंजे जाहीर."

ते सामने सुटले, पण नानांची सवय सुटली नाही. टीव्हीवरच्या सामन्यालाही ते बक्षिसं पुकारतात. माईकच्या जागी रिमोट. बोलता बोलता भलतं बटण दाबलं जातं आणि ऐन रंगात आलेल्या ओव्हरमध्ये आम्हाला मिक्सरची जाहिरात बघावी लागते.

या विश्वचषकाला मात्र त्यांनी कमाल केली. पहिल्या सामन्याआधी टीव्ही बाहेर पार्किंगमध्ये आणला, सगळ्या बिऱ्हाडांना खुर्च्या घेऊन खाली बोलावलं आणि अकरा खेळाडूंच्या अकरा चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. "खेळाडू परदेशात. बक्षीस घ्यायला येनार कशी? म्हनून एकेक घर एकेकीचा गाव. तिच्या वतीनं बक्षीस तुम्ही घ्यायचा आनि दोन शब्द बोलायचे."

मला डावखुरी फिरकी आली. दुसऱ्या मजल्यावरच्या किशूभाईंना विकेटकीपर. उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, पण सामना असला की दुकान नोकरावर आणि किशूभाई पार्किंगमध्ये. आमची बिऱ्हाडं दहा. अकरावी चिठ्ठी, फास्ट बोलरची, नानांनी आपल्या बहिणीला देऊन टाकली.

ही बहीण जनाबाई, नानांहून मोठी. वांगणीला शेताच्या कडेला एकटी राहते. ती फोनवरून सामन्याला हजर असते. फोन स्पीकरवर टाकून नाना तो टीव्हीशेजारी खुर्चीवर ठेवतात, खाली उशी देऊन. अडचण एकच. तिच्या टीव्हीवर चित्र आमच्या आधी पोचतं. पहिल्याच सामन्यात आमचा चेंडू बोलरच्या हातात असताना फोनमधून आवाज आला, "गेली रं, गेली! दांडी गेली!" आणि मग आमच्या पडद्यावर दांडी गेली. किशूभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे साईं, पिक्चर का एन्ड पहले बता दिया!" तेव्हापासून नाना प्रत्येक ओव्हरआधी फोनकडे वाकून हुकूम सोडतात, "बाय, तोंड बंद." आणि फोन म्हणतो, "तुजाच बंद कर, चांग्या."

आता माझा कोंबडा. मी शाकाहारी आहे हे नानांना ठाऊक आहे. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन अतिशय सभ्यपणे तो परत करू पाहिला. किशूभाईंना कीपरच्या स्टंपिंगबद्दल भला मोठा लाल भोपळा मिळाला होता, ते धावत आले. "टीचरजी, एक्सचेंज ऑफर! भोपळा लो, मुर्गा दो."

"बक्षीस बदलून मिलत नाय!" नाना गरजले.

आणि फोनमधून जनाबाईंनी त्यांचीच री ओढली. "टीचर, बक्षीस म्हंजे काय भाजी हाय, निवडून घ्यायला? मिलाला तो घ्यायचा. परत केला तर खेळाडूचा अपमान."

मग काय करणार? मी कोंबडा काखेत धरून उभी राहिले आणि म्हणाले, "ऑन बिहाफ ऑफ द बोलर, आय थँक यू ऑल." टाळ्या पडल्या. नाना खूश. "इंग्लिशमदून दोन शब्द झालं. स्पर्धेचा दर्जा वाडला!" कोंबडा बाल्कनीत राहतो. माझी तुळस त्याने पार टकली केली आहे.

बाकीच्यांना काकड्या, नारळ, तांदूळ असं मिळत होतं. जनाबाईंच्या बोलरच्या हाती चेंडू आला की मात्र नाना उभे राहून पुकारायचे, "वांगणीच्या जनाबाईंसाठी, विकेट गेली तर एक दुभती म्हैस!"

पार्किंगमध्ये बोंब झाली. "नाना, ये तो फिक्सिंग है!" किशूभाई म्हणाले. "हमको भोपळा, बहन को भैंस?"

फोन हसत होता. "बोलू दे त्याला. ती विकेट काडत नाय म्हनून बाता मारतंय."

खरंच काढत नव्हती. पहिल्या सामन्यात तिला बेदम मार बसला. दुसऱ्यात तिच्या चेंडूवर सोपा झेल सुटला. आपण दोन्ही सामने दिमाखात जिंकलो, लोक नाचले, आणि नाना कोपऱ्यात घरचं कोणी आजारी असल्यासारखे बसून राहिले. तिसऱ्या सामन्यात तिला संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांनी जेवणसुद्धा टाकलं. मला राहवलं नाही. खाली जाऊन विचारलं, "नाना, आपण जिंकतोय. मग हे काय चाललंय?"

त्यांनी आधी फोन बंद असल्याची खात्री केली.

"बायची म्हैस मेली, टीचरबाई. तवापासून गोठा रिकामा. तरी रोज पहाटं उठून झाडते. काय झाडते? शेन नाय, पेंडा नाय."

"मग घेऊन द्या की एक. तुम्हाला काय जड आहे?"

"घेईल ती?" नाना चिडलेच. "मी तांदूल नेला तर त्याच पिशवीत वाल भरून देते, तांदलापेक्षा जास्त. भाऊबीजंला मी साडी दिली तर ती मना सदरा, साडीच्या तोडीचा. माहेरचा काय अंगावर ठेवत नाय. म्हैस दिली तर दुसऱ्या दिवशी दारात बांदून जाईल. पन बक्षीस परत करता येत नाय. तुमच्यादेखत बोलली ती."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठ्या, भोपळे, माझा कोंबडा, ही सगळी स्पर्धा एका म्हशीसाठी मांडली होती.

"मग चिठ्ठी बदला. माझी फिरकीवाली तिला द्या. ती दर सामन्यात विकेट घेते."

"बाय लबाडी धरंल. लहानपनापासून धरते," नाना म्हणाले. "विकेट त्याच पोरीनं काडाय पायजे, आनि पुकारा आदी पायजे."

अशा रीतीने उपान्त्य सामन्याला आमची सबंध इमारत दोन गोष्टींसाठी जीव मुठीत धरून बसली. समोर तो संघ, ज्याच्याकडून आपण ऐन वेळी हरत आलो आहोत. आणि आनंदाची बातमी अशी, की कोणाचातरी पाय मुरगळल्यामुळे जनाबाईंची बोलर संघात परतली होती. एरवी मी कोणाच्या पाय मुरगळण्याने आनंदत नाही.

आपण चांगली धावसंख्या उभारली. त्यांनीही सोडलं नाही. त्यांची एक उंच फलंदाज खांब रोवल्यासारखी उभी राहिली आणि चौकार मारत सुटली. माझ्या फिरकीवालीलाही तिने ठोकलं. जनाबाईंच्या बोलरने सुरुवातीला टाकलेल्या ओव्हर विकेटविना कोरड्याच गेल्या होत्या. शेवटची ओव्हर उरली, त्यांना जेमतेम सात धावा हव्या होत्या, आणि कर्णधाराने चेंडू तिच्याकडेच फेकला.

"नको, इसको नको," किशूभाई कळवळले.

नाना उठले. रिमोट तोंडाशी धरला. आवाज नेहमीसारखा गरजला नाही, थोडा चिरकला. "लक्ष असू द्या. वांगणीच्या जनाबाई यांच्यासाठी, पुढच्या बॉलला, एक दुभती म्हैस."

 या वेळी फोनकडे वाकून हुकूम सोडायचं मात्र ते विसरले.

पडद्यावर ती पोर धावपट्टीच्या टोकाशी उभी होती. तिने कपाळाचा घाम पुसला. चेंडू पँटवर घासला. अजून एक पाऊलही टाकलं नव्हतं, तोच उशीवरच्या फोनमधून घाबरी हाक आली.

"चांग्या! अरे घरात पेंडा नाय रं! ती खाईल काय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. मग कळलं. आमच्या पडद्यावर ती पोर आता कुठे धावू लागली होती आणि आम्ही उड्या मारत होतो. किशूभाईंनी मला मिठी मारली. शाळेत पस्तीस वर्षं मुख्याध्यापकांनीसुद्धा मला 'मॅडम' म्हणताना दोन हातांचं अंतर ठेवलं होतं. त्या गोंधळात चेंडू पडला, तिन्ही दांड्या उडाल्या. पुढचे चेंडू त्यांच्या नव्या फलंदाजाने नुसतेच हवेत बॅट फिरवत घालवले आणि आपण अंतिम फेरीत गेलो. नाना खुर्चीत बसून टोपीने डोळे पुसत होते. फोन विचारत होता, "चांग्या, आयकतोस ना? पेंड्याचा काय?"

म्हैस मुरबाडकडून आली. शिंगांना रंग, गळ्यात हार, सोबत रेडकू. आम्ही दोन रिक्षा करून टेम्पोमागोमाग वांगणीला गेलो. प्रमुख पाहुणी मी. जनाबाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, नानांपेक्षा उंच आणि ताठ. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. सरळ म्हशीची कास चाचपली, दात बघितले, पाठीवर थाप मारली.

"कोनी निवडली?"

"मी," नाना म्हणाले.

"शिंगा बघून निवडलीस. सड बघ कशी घट हायेत. माझ्या बोटात जोर हाय काय आता?" त्यांनी वाकडी झालेली बोटं समोर धरली. मला वाटलं, संपलं, आता परत पाठवतात.

"बाय, बक्षीस हाय," नाना चाचरत म्हणाले.

"मना माहीत हाय बक्षीस हाय. मी कवा नाय बोलली? म्हैस माझी. धार तू काडायची. पहाटं यायचा, सांजंचा यायचा."

"रोज? अंबरनाथवरनं?"

"मग? तितं घरी कोन वाट बघते तुजी?"

नानांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. जनाबाईंनी रेडकाला गोंजारलं आणि आम्हा सगळ्यांना चहा ठेवायला आत गेल्या. माझे 'दोन शब्द' राहूनच गेले.

उद्या अंतिम सामना आहे. आपण जिंकणार, याबद्दल आमच्या पार्किंगमध्ये कोणालाही शंका नाही. आज सकाळी नाना जिन्यापाशी भेटले. हातात दुधाची किटली, सदऱ्याला शेणाचा डाग, दाढी वाढलेली. मोठ्या मुलाशी फोनवर बोलत होते. तो त्यांना सामन्यासाठी विसाव्या मजल्यावर बोलावत होता. भिंतीएवढा टीव्ही घेतलाय, गाडी पाठवतो, म्हणत होता.

"नाय रं बाला, मना नाय जमनार," नाना म्हणाले. म्हशीशी बोलून बोलून त्यांचा माईकवाला आवाज किती हळू झालाय! "तुमी बघा. मना सांजंला वांगनीला जावा लागतंय. उशीर जाला तर ती हंबरत बसते."