उपकप्तानांचे वय

फोन आला तेव्हा वॉशिंग मशीन कपडे पिळायच्या बेतात होते, आणि पुढे जे काही झाले त्याचा सगळा दोष उपकप्तानांच्या बायकोने शेवटपर्यंत त्या मशीनलाच दिला.

उपकप्तान हे काही त्यांचे खरे पद नव्हे. ते एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवत. पण वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर 'ध्रुवापलीकडे' नावाची अंतराळातली मालिका लागायची. तीत ते यानाचे उपकप्तान होते, आणि ती मालिका पाहिलेल्यांनी त्यांना नंतर दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही. भूमिका तशी बेताचीच होती. संकट आले की यानाच्या खिडकीतून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, "कप्तान, मला हे काही बरं दिसत नाही." बाकी वेळ कप्तानाच्या मागे उभे राहायचे. कप्तान झालेला नट अंगाने भरलेला होता आणि कॅमेरा कुठे आहे हे त्याला झोपेतही कळत असे. त्यामुळे कित्येक भागांत उपकप्तानांचा नुसता डावा कान दिसला. शेवटच्या भागात यान काळाच्या भोवऱ्यात सापडले आणि त्याच आठवड्यात वाहिनीने मालिका बंद केली. यानाचे पुढे काय झाले ते कोणालाच कळले नाही. कप्तान सिनेमात गेला, मोठा झाला. उपकप्तान लोकांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावून सांगू लागले.

फोन एका तरुण दिग्दर्शकाचा होता. उपकप्तान अंघोळीला गेले होते म्हणून बायकोने घेतला. एका हाताने तिने फोन कानाला लावला होता आणि दुसऱ्या हाताने ती मशीन दाबून धरत होती, कारण ते पिळायला लागले की चालत चालत दारापर्यंत येत असे. दिग्दर्शक भरभर बोलत होता. मालिका जिथे थांबली तिथूनच आता चित्रपट निघतोय, काळातल्या प्रवासाची गोष्ट आहे, आणि सर त्यात हवेतच, एवढे तिला नीट ऐकू आले. मग तो म्हणाला, "म्हणजे बघा काकू, उपकप्तान वीस वर्षं मागे..." आणि नेमका तेव्हाच मशीनने वेग घेतला. वाक्याचे क्रियापद साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत गेले. त्यानंतरही तो बरेच काही बोलला. ती हो हो म्हणाली.

उपकप्तान टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा तिने गेलेल्या क्रियापदाच्या जागी आपल्या मनाचे एक बसवले. म्हणाली, "पिक्चरमध्ये तुम्ही वीस वर्षं मागे गेलेले आहात."

उपकप्तान तसेच ओलेत्याने आरशासमोर जाऊन उभे राहिले. आरशात साठी ओलांडलेला एक गृहस्थ होता. केस पांढरे, चष्मा जाड, आणि टॉवेलची गाठ पोटाच्या वर मारावी की खाली, असा प्रश्न पडावा अशी एकूण परिस्थिती. त्यांनी पोट आत ओढून पाहिले. मग म्हणाले, चाळीशीचे दिसायला हवे.

बायकोने सुचवले की एकदा फोन करून नीट विचारून घ्यावे. ते त्यांना पटले नाही. विचारायला जावे तर ते आताचा फोटो मागतील, फोटो पाहिला की दुसराच कोणीतरी उपकप्तान शोधतील, असा त्यांचा हिशेब होता. वीस वर्षांनी कोणाला तरी त्यांच्या कानापलीकडचे काहीतरी हवे होते, ते असे हातचे घालवायचे नव्हते. त्यामुळे कपडेपटातल्या मुलीने फोनवर मापे विचारली तेव्हा त्यांनी मालिकेच्या वेळची मापे दिली. कमरेचे माप सांगताना तर आवाजही त्या काळचा काढला.

आता दिलेल्या मापात शिरणे भाग होते. घरात काकडीचे राज्य सुरू झाले. सकाळी काकडी, दुपारी उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी पुन्हा काकडी. बायकोने सोबत म्हणून पहिले काही दिवस तेच खाल्ले आणि मग स्वयंपाकघराचे दार लावून जेवू लागली. उपकप्तान पहाटे उठून जिने चढत आणि उतरत. मधल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी एकदा दार उघडून काही हरवले आहे का, असे विचारले. उपकप्तानांना धाप लागली होती, त्यामुळे त्यांनी पोटाकडे बोट दाखवले. डॉक्टरांनी त्यांना आत नेऊन झोपवले आणि पोट तपासले.

पोट खरोखरच उतरू लागले. मग त्यांचे लक्ष चष्म्याकडे गेले. उपकप्तानांना मालिकेत चष्मा नव्हता, म्हणून डोळ्यांना सवय व्हावी यासाठी त्यांनी तो घरी ठेवून कामावर जायला सुरुवात केली. त्या दिवशी एका ग्रंथपाल बाईंची शिकवणी होती. बाई स्वभावाने शिस्तीच्या, सांगितलेले तंतोतंत करणाऱ्या. भर रस्त्यात उपकप्तान शांतपणे म्हणाले, थांबा, लाल दिवा. बाई जागच्या जागी थांबल्या. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, एकाने काच खाली करून त्यांच्या बुद्धीची चौकशी केली.

बराच वेळ झाला तसे बाईंनी हळूच म्हटले, "सर, तो टॉवेल आहे."

केशकर्तनालयाच्या मालकाने बाहेर दांडीवर वाळत घातलेला तो टॉवेल होता. उपकप्तानांनी डोळे बारीक करून पाहिले. "असेल," ते म्हणाले, "पण लाल आहे ना."

ही हकीकत ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मालक चांगला माणूस होता. त्याने ओरडाआरडा केला नाही, फक्त शूटिंग होईपर्यंत घरी आराम करा असे सांगितले आणि गाडीच्या चाव्या हातातून काढून घेतल्या. आता घरी दिवसभर काकडी आणि आरसा, दोनच गोष्टी उरल्या.

राहता राहिले केस. उपकप्तानांच्या मेहुणीचे पार्लर होते. भावोजी पहिल्यांदाच आपल्या खुर्चीत बसताहेत या आनंदात तिने त्यांना नव्या गिऱ्हाइकाच्या मानाने वागवले. केस काळे झाले, फारच छान झाले. पण पांढऱ्या भुवया आता वेगळ्याच उठून दिसू लागल्या, म्हणून तिने उरलेला रंग तिथे लावला. भुवयांनी तो रंग वेगळ्या पद्धतीने घेतला आणि त्या तांबूस झाल्या. तांबूसपणा घालवायला तिने दुसरे काहीतरी लावले तेव्हा त्या गाजरासारख्या झाल्या. तिसऱ्या उपायाने रंगही गेला आणि भुवयाही गेल्या.

मेहुणीने एक पाऊल मागे सरून त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "भावोजी, एक सांगू? असे तुम्ही जास्त तरुण दिसताय."

"तरुण?" उपकप्तान म्हणाले. "मी अंड्यासारखा दिसतोय."

मेहुणीने पेन्सिलने नव्या भुवया काढून दिल्या आणि पेन्सिल भेट म्हणून बरोबर दिली. घरी रोज सकाळी हे काम बायकोकडे आले. तिचा हात चित्रकलेत शाळेपासूनच कच्चा, त्यामुळे एक भुवई नेहमी वर जायची. दिवसभर तिला वाटत राही की आपण काहीही बोललो तरी यांचा विश्वास बसत नाही. दोनदा त्यावरून भांडणही झाले.

शूटिंगचा दिवस उजाडला. उपकप्तान पोट आत, भुवई वर, अशा थाटात स्टुडिओत शिरले. यान पुन्हा उभे केले होते, तीच खिडकी, तेच लुकलुकणारे दिवे. चष्मा डोळ्यांवर नसल्याने त्यांना ते धूसर दिसले, पण मालिकाही त्या काळच्या टीव्हीवर तशीच दिसायची. दिग्दर्शक धावत पुढे आला आणि मध्येच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"सर," तो म्हणाला, "हे काय केलंत?"

मग सगळा उलगडा झाला. चित्रपटाच्या गोष्टीत कप्तान काळाच्या भोवऱ्यातून पलीकडे जातो आणि जसाच्या तसा तरुण परत येतो. उपकप्तान वीस वर्षे मागे राहिलेले असतात. एकटे, त्या बंद पडलेल्या यानात, कप्तानाची वाट बघत म्हातारे झालेले. फोनवर त्याने हे सगळे काकूंना सांगितले होते. केससुद्धा कापू नका, आहात तसेच या, असेही बजावले होते. मशीनने तेवढे सगळे गिळले होते.

दिग्दर्शक खुर्चीत बसला. म्हणाला की लहानपणी तो मालिका बघायचा, ती अर्धवट बंद पडली तेव्हा त्याने दोन दिवस घरात सगळ्यांशी बोलणे टाकले होते. चित्रपट करायचा ठरला तेव्हा तो गुपचूप ड्रायव्हिंग स्कूलपाशी येऊन गेला होता. पांढऱ्या केसांचे उपकप्तान एका घाबरलेल्या मुलीशेजारी बसले होते. गाडी पाच-सहा वेळा बंद पडली तरी न रागावता, पुन्हा चालू कर, एवढेच म्हणत होते.

"तो माणूस बघून मी सीन लिहिला, सर," तो म्हणाला. "आणि तुम्ही त्यालाच घालवून आलात."

वीस वर्षांत उपकप्तानांविषयी कोणी इतके चांगले बोलले नव्हते, आणि ते बोलणे त्यांच्या वाट्याला अशा वेळी आले होते की त्यातले काही शिल्लक उरले नव्हते.

एवढ्यात कप्तान आला. त्याला तरुणच दिसायचे होते, त्यामुळे त्याने चेहरा एका मोठ्या डॉक्टरांकडून इस्त्री करून आणला होता. एकही सुरकुती नव्हती आणि काही हलतही नव्हते. त्याने उपकप्तानांकडे पाहिले. रागावला असावा, पण ते फक्त आवाजावरून कळले. हा माझ्यापेक्षा तरुण दिसतोय, याला आधी म्हातारा करा, मग मला बोलवा, असे सांगून तो आपल्या खोलीत निघून गेला.

उपकप्तानांना रंगभूषेच्या खुर्चीत बसवले. रंगभूषाकार बाईंनी काळ्या केसांवर पांढरा टोप बसवला, बायकोने काढलेल्या भुवया पुसून पांढऱ्या चिकटवल्या, गालांवर डिंकासारखे काहीतरी थापून सुरकुत्या उठवल्या. कपडेपटातल्या मुलीने गणवेश आणला. तो अगदी बरोबर बसला. दिग्दर्शकाने मान हलवली आणि पोट हवे म्हणाला. मग महिनाभर काकड्या खाऊन कमावलेल्या त्या कमरेला एक उशी बांधली आणि शिंप्याला बोलावून गणवेश दोन्ही बाजूंनी उसवला. शेवटी दिग्दर्शकाने नाकावर जाड चष्मा हवा, असे सांगितले. उपकप्तानांनी खिशातून स्वतःचा काढून घातला. तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे अस्सल निघाली. यानही आता स्वच्छ दिसू लागले.

प्रसंग असा होता. यानाचे दार उघडते, कप्तान आत येतो, त्याला हा म्हातारा दिसतो. कप्तानाने ओळखायचे, गहिवरायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे. कप्तान आत आला. गहिवरला, असे त्याचे म्हणणे होते. चेहऱ्यावर काही उमटले नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. इस्त्री पक्की होती. दिग्दर्शकाने बरेच प्रयत्न करून पाहिले आणि मग कॅमेरा उचलून कप्तानाच्या पाठीमागे नेऊन ठेवला. आता पडद्यावर कप्तानाचा एक कान आणि समोर उपकप्तानांचा पूर्ण चेहरा दिसणार होता.

"इतकी वर्षं तू इथेच होतास?" कप्तानाने विचारले.

उपकप्तानांनी त्याच्याकडे पाहिले. सकाळपासून पोटात काही नव्हते, डिंक डोळ्यांत झोंबत होता, गुडघे जिन्यांनी दुखत होते. शेजारच्या खिडकीत लुकलुकणारे तारे होते. कोणीतरी आपल्याला परत बोलावले आहे, ही गोष्ट त्यांच्या आता खऱ्या अर्थाने ध्यानात आली.

"हो, कप्तान," ते म्हणाले. "थांब म्हणाला होतात ना."

डोळ्यांतून पाणी आले, ते किती डिंकाचे आणि किती त्यांचे हे सांगणे कठीण होते. दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला. दिवे धरणारा माणूस नाक ओढू लागला तेव्हा कुठे कॅमेरा थांबला. कप्तान आपल्या खोलीत जाता जाता थांबला आणि उपकप्तानांच्या खांद्यावर हात ठेवून छान झाले म्हणाला. या वेळीही ते फक्त आवाजावरूनच कळले, पण कळले.

चित्रपट लागला तोपर्यंत केसांचा रंग उतरला होता, भुवया परत आल्या होत्या, ड्रायव्हिंग स्कूलच्या चाव्या मिळाल्या होत्या आणि पोटानेही आपली जागा घेतली होती. उपकप्तान, त्यांची बायको आणि मेहुणी दुपारच्या खेळाला गेले. मेहुणी सुरुवातीलाच पॉपकॉर्न आणायला गेली ती रांगेत अडकली. यानाचे दार उघडले, पडद्यावर तो पांढऱ्या केसांचा, चष्म्याचा, सुटलेल्या पोटाचा म्हातारा आला आणि सभागृह शांत झाले. बायकोने अंधारात उपकप्तानांचा हात धरला आणि प्रसंग संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर पडताना उन्हात दोघांचे डोळे दिपले. उपकप्तानांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. बायको त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"फार गोड दिसत होतात हो," ती म्हणाली. "म्हातारे झालात की असेच दिसाल का?"

उपकप्तानांनी पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"बघू," ते म्हणाले. "अजून वेळ आहे त्याला."