सिंहमहाराजांची खाज आणि हिरव्या किरणांचं यंत्र

एका जंगलात, बाळांनो, चक्क एक प्रयोगशाळा होती. तिथे साळूताई नावाची साळिंदर संशोधन करायची. सात वर्षं अर्ज केल्यावर तिला एक नवं यंत्र मिळालं. लेझरच्या हिरव्या किरणांनी ते बारीकातली बारीक वस्तू भिंतीवर हत्तीएवढी करून दाखवायचं.

उद्घाटनाला तरस प्रधानजी आले. त्यांना नारळ यंत्रावरच फोडायचा होता. साळूताई काटे फुलवून आडवी उभी राहिली, तेव्हा कुठे त्यांनी शेजारच्या दगडावर भागवलं.

पहिले रुग्ण खुद्द सिंहमहाराज. त्यांचं डोकं महिनाभर खाजत होतं. साळूताईने आयाळीतला एक केस उपटून यंत्राखाली ठेवला आणि बटण फिरवलं.

भिंतीवर सहा पायांचं, आकड्यांसारख्या नख्यांचं धूड उभं राहिलं. ससे पटापट बेशुद्ध पडले.

"हे कोण?" महाराजांनी विचारलं.

"ऊ, महाराज."

"ऊ काय? पूर्ण नाव सांग."

"एवढंच नाव आहे. ऊ."

"राहते कुठे?"

"आपल्या आयाळीत. अशा शंभरेक असतील."

महाराज सोबत आणलेल्या सिंहासनाच्या पाठीवर चढून बसले.

"घाबरू नका," साळूताई म्हणाली. "खरी ऊ तिळाएवढी असते. बारीक फणीने विंचरते, दुपारपर्यंत सगळ्या निघतील."

"फणी?" प्रधानजी ओरडले. "अगं, नख्या बघ तिच्या! चिडली म्हणजे?"

मग त्यांनी भिंतीला वाकून नमस्कार केला आणि तह मांडला. उजवी आयाळ उवांची, डावी महाराजांची. भिंत काही बोलली नाही, म्हणून तह मंजूर झाला.

साळूताईला रडू कोसळायचंच बाकी होतं. सात वर्षं वाट पाहिली ती कुणाला तरी बरं करायला! शेवटी तिला वाटलं, खरा आकार दाखवला की यांना कळेल. तिने बटण उलटं फिरवलं. ऊ हत्तीची म्हैस झाली, म्हशीची मांजर झाली आणि मग तिळाएवढी उरली.

"पळाली!" प्रधानजींनी टाळ्या पिटल्या. "महाराजांनी नुसतं रोखून पाहिलं आणि शत्रू आटला!"

महाराज खाली उतरले. त्यांनी जोरदार डरकाळी फोडली.

"आता तरी विंचरू?" साळूताईने फणी पुढे केली.

"एवढ्याशा किड्यासाठी?" महाराज हसले. "आम्हाला शोभतं का ते?"

आणि दोन्ही पंजांनी डोकं खाजवत ते विजयाच्या मिरवणुकीला निघाले.

साळूताई फणी घेऊन मागे धावली. वाटेत माकडांनी तिला थांबवलं, फणीला विजयाचं शस्त्र समजून हार घातला आणि पुढे जाऊ दिलं नाही.

तात्पर्य : खाज जात नसेल तर उगाच इलाज करत बसू नये, चित्र लहान करावं. त्यासाठी यंत्र मात्र उत्तम प्रतीचंच घ्यावं.